दुष्काळाच्या वाटेवरची श्रद्धा

वाशीम जिल्ह्यातील वाचकाला दुष्काळ म्हणजे काय हे पुस्तकातून समजावून सांगण्याची गरज नाही. मृग कोरडा गेला, दुबार पेरणी करावी लागली, किंवा उभे सोयाबीन काढणीच्या तोंडावर पावसाने काळे पडले, की त्या घराचे पुढचे वर्ष कसे जाणार हे रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत कोणालाही सांगता येते. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतयोजना जाहीर केली, त्यांत वाशीम होता. २०१८ साली देशातील आकांक्षित जिल्ह्यांची निवड झाली, तेव्हाही त्यांत वाशीमचे नाव आले. योजनांचा हिशेब मांडता येतो. परंतु घरचा कर्ता पुरुष गेल्यानंतर मागे राहिलेली बाई सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालीत असते, तेव्हा ती कशाच्या बळावर उभी असते, या प्रश्नासाठी कोणत्याही तक्त्यात रकाना नसतो.

हा प्रश्न नवा नाही. १९०५ पर्यंत बाशीम हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता. त्या वर्षी तो मोडून त्याचा प्रदेश अकोला व यवतमाळ या जिल्ह्यांत वाटला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. त्या जुन्या जिल्ह्याने आपल्या अखेरच्या वर्षांत १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ पाहिला. त्याआधी तीन वर्षे, १८९६-९७ मध्ये, वऱ्हाडाला लागून असलेल्या मध्य प्रांतात उपासमारीने थैमान घातले होते. त्या वेळी पुण्याहून एक अडतीस वर्षांची विधवा त्या प्रांतात जाऊन पोहोचली. मदतकेंद्रांच्या आसपास, झाडांखाली, रस्त्यांच्या कडेला बेवारस पडलेल्या मुलींना आणि तरुण विधवांना ती गोळा करू लागली. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. दुष्काळ तिला परका नव्हता. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्याच दुष्काळाने तिचे आईबाप नेले होते.

रमाबाईंचे नाव घेतले की महाराष्ट्रात दोन गोष्टी आठवतात : त्यांची विद्वत्ता आणि त्यांचे धर्मांतर. पहिलीचा अभिमान आणि दुसरीचा राग यांच्या कात्रीत त्यांचे चरित्र फार काळ अडकून पडले. त्या दोहोंच्या मधली एक गोष्ट मात्र दुर्लक्षित राहिली. रमाबाईंच्या आयुष्यात श्रद्धा एकदाच आली आणि कायमची राहिली, असे घडले नाही. ती एकदा नष्ट झाली, दुसऱ्या रूपाने मिळाली, मिळाल्यावरही कोरडी वाटू लागली, आणि पुढे पुन्हा जिवंत झाली. कठीण काळानंतर माणसाला आशा कशी सापडते, हे ज्याला पाहावयाचे आहे त्याने हा मधला प्रवास पाहिला पाहिजे.

२३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथल्या रानात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे नामांकित वैदिक विद्वान. पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविल्याबद्दल त्यांना धर्मपंडितांपुढे जाब द्यावा लागला होता. पण त्यांनी आपला हेका सोडला नाही. लक्ष्मीबाईंनी तीच विद्या पुढे धाकट्या मुलीला दिली. रमाबाई अगदी लहान असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. पुराण सांगावे, मिळेल ते घ्यावे, व्रतवैकल्ये करावीत आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा त्यांचा क्रम. जवळचे द्रव्य दानधर्मात आणि अनुष्ठानांत संपले आणि अशा निर्धन अवस्थेत १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळाने त्यांना गाठले.

शेवटचा दाणा संपल्यावर या कुटुंबाने रानात जाऊन देह ठेवण्याचे ठरविले. अकरा दिवस त्यांनी झाडपाला आणि पाणी यांवर काढले. वृद्ध, दृष्टी गेलेल्या अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचा निश्चय केला. मुलांचा निरोप घेऊनही झाला होता. अशा वेळी थोरला मुलगा श्रीनिवास पुढे आला आणि कुळाचा अभिमान बाजूला ठेवून आपण मोलमजुरी करू, पण वडिलांना पाण्यात जाऊ देणार नाही, असे त्याने सांगितले. कुटुंब रानातून बाहेर पडले. वडिलांची शक्ती मात्र संपली होती. ते थोड्याच दिवसांत गेले. पाठोपाठ आई गेली आणि नंतर थोरली बहीण कृष्णाबाई. मरणाच्या काठावर उभ्या असलेल्या घराला कोणीतरी थांबविणे म्हणजे काय, हे रमाबाईंनी सोळाव्या वर्षी पाहिले. वाशीमच्या वाचकाने या प्रसंगापाशी क्षणभर थांबावे, कारण असा उंबरठा आजही आपल्या गावांत आहे.

उरलेली दोन भावंडे हजारो मैल पायी चालत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. बाहेरून सन्मान वाढत होता, पण आत श्रद्धा झिजत होती. आईबापांनी सांगितलेली सर्व व्रते पाळूनही दुष्काळात देव धावून आला नाही, ही भावना मनातून जाईना. आणि ज्या शास्त्रांत त्या पारंगत होत्या, त्यांत स्त्रीविषयी जे लिहिले होते तेही पटेना. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जात आणि प्रांत ओलांडून नोंदणी विवाह केला. एप्रिल १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. वयाची चोविशी पूर्ण होण्यापूर्वीच आई, बाप, बहीण, भाऊ आणि पती अशी सर्व माणसे गमावलेली ही विधवा तान्ह्या मुलीला घेऊन पुण्यास आली.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री-डॉक्टर तयार करण्याची मागणी केली. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने त्या इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने तो बेत सिद्धीस गेला नाही. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा तेथेच दुर्दैवी अंत झाला. वाँटेज येथील ज्या भगिनीसंघाकडे त्या राहत होत्या, त्यांचे पतित स्त्रियांसाठी चाललेले काम त्यांनी पाहिले. समाजाने टाकून दिलेल्या बाईला परत उभे करणारा धर्म आपण प्रथमच पाहत आहोत, असे त्यांना वाटले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

येथे बहुतेक चरित्रे सुटकेचा निःश्वास टाकतात किंवा कपाळाला आठ्या घालतात. पण रमाबाईंचा शोध येथे संपला नव्हता. ज्यांनी त्यांना ख्रिस्ती केले त्यांच्याशीच त्यांचे लवकर खटके उडू लागले. चर्चची प्रत्येक आज्ञा विचार न करता मानावी, ही अपेक्षा त्यांना मान्य होईना. एका धर्मसत्तेचे जोखड उतरविले ते दुसरीचे मानेवर घेण्यासाठी नव्हे, ही त्यांची भूमिका वाँटेजच्या वडीलधाऱ्यांना उद्धटपणाची वाटली. दरम्यान स्वदेशात त्यांच्यावर टीकेचा भडिमार चालू होताच. १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ लिहिला, व्याख्याने दिली, आणि बॉस्टन येथे त्यांच्या साहाय्यार्थ मंडळ स्थापन झाले. त्याने दहा वर्षे मदत करण्याचे मान्य केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन हे विधवांचे विद्यालय सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी होत्या. त्याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई कर्वे झाल्या.

काम उभे राहिले, लोकांचा आधार मिळाला. आणि नेमक्या याच काळात रमाबाईंना आपल्या आतला कोरडेपणा जाणवू लागला. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ वर्षानुवर्षे चर्चमध्ये प्रवचने करीत होता आणि आपण जे सांगतो ते आपल्याला स्वतःला लाभलेलेच नाही, हे त्याला एके दिवशी प्रवचनपीठावरच उमगले होते. रमाबाईंना त्यात स्वतःचे चित्र दिसले. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाली होती. सिद्धान्त पाठ होते, आचार अंगवळणी पडले होते, वाद घालण्याची तयारी होती. परंतु आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, खुद्द ख्रिस्त आपल्याला भेटलेला नाही, अशी त्यांची खात्री झाली. पंडिता म्हणून गौरविलेल्या स्त्रीने आपल्या श्रद्धेचे असे निर्दय लेखापरीक्षण करावे, ही सोपी गोष्ट नव्हती. त्या मंथनातून त्या बाहेर पडल्या त्या क्षमा आणि आसरा यांचा अनुभव घेऊन. आईबापांच्या उपासमारीने आणि एकामागून एक झालेल्या मृत्यूंनी जे मन थिजले होते, ते आता कुठे मोकळे झाले.

या नव्या श्रद्धेची किंमत त्यांना लगेच मोजावी लागली. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे आश्वासन होते. रमाबाईंच्या प्रार्थनेच्या वेळी त्यांच्या खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली तेथे येऊन बसत. रमाबाईंच्या मते हा त्या मुलींचा स्वेच्छेचा प्रश्न होता. सल्लागार मंडळाच्या मते हा विश्वासाचा भंग होता. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी मंडळाचा राजीनामा दिला, केसरीने कठोर टीका केली, आणि पालकांनी वीसच्या वर मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंची अडचण आज शांतपणे पाहिली तर समजते. मुलींचे शिक्षण व्हावे म्हणून ज्यांनी सनातन्यांचा रोष पत्करला, त्या सुधारकांना आपण फसलो असे वाटणे स्वाभाविक होते. जिला आयुष्यात प्रथमच आतून आधार सापडला होता, तिला तो दार लावून लपविणे अशक्य होते.

येथून पुढची कथा ही त्या श्रद्धेच्या कसोटीची आहे. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतातील दुष्काळाच्या बातम्या आल्या. शारदा सदनाचा मूळ हेतू उच्चवर्णीय विधवांपुरता मर्यादित होता. पैसा बेताचा होता. जागा अपुरी होती. न जाण्यास कारणे भरपूर होती. पण त्या रानातले अकरा दिवस रमाबाईंच्या स्मरणात होते. त्या गेल्या. मदतकेंद्रांत तरुण मुलींवर मुकादम आणि दलाल यांची नजर असते, हे त्यांनी पाहिले. जात न विचारता त्यांनी मुली निवडल्या आणि काही महिन्यांत तीनशेच्या आसपास मुली व स्त्रिया पुण्याकडे आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध लागू होते. म्हणून सुमारे साठ किलोमीटरवरील केडगाव येथे घेतलेल्या शेतावर, झोपड्या आणि तंबू ठोकून, त्यांची व्यवस्था करावी लागली. पुण्यातील प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांची होणारी हेळसांड त्यांनी १८९७ मध्ये वृत्तपत्रातून सरकारला न भिता मांडली आणि तिचे पडसाद ब्रिटिश संसदेपर्यंत उमटले. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या सरकारच्या झाल्या, असे समजणाऱ्यांना हे उत्तर होते.

या मुली शिकलेल्या घरांतील नव्हत्या. कित्येकींना रोग जडलेले, कित्येकी उपासमारीने चिडखोर झालेल्या, अन्न दिसले की हिसकावणाऱ्या. त्यांना आधी खाऊ घालणे, मग स्वच्छ राहण्यास शिकविणे आणि मग अक्षर आणि हातात एखादा उद्योग देणे, असा केडगावचा क्रम होता. सप्टेंबर १८९८ मध्ये मुक्ती सदनाची रीतसर प्रतिष्ठापना झाली. बॉस्टनच्या मंडळाची दहा वर्षांची मुदतही त्याच वर्षी संपली. निश्चित मदतीचा आधार सुटत असताना जबाबदारी मात्र अनेक पटींनी वाढत होती. १८९९-१९०० च्या दुष्काळात, जो गुजरात-राजपुतान्यात छपन्नाचा म्हणून ओळखला जातो आणि ज्याने आपला वऱ्हाडही होरपळून काढला, मुक्तीची वस्ती दीड हजारांवर गेली. विहिरी खणल्या गेल्या. शेती, दुग्धशाळा, विणकाम, तेलघाणी, छापखाना उभा राहिला आणि तो चालविणाऱ्या बहुतेक स्त्रियाच होत्या. अंध मुलींसाठी मनोरमेने ब्रेल लिपी शिकून घेऊन स्वतंत्र विभाग सुरू केला.

येथे एका अवघड प्रश्नाला बगल देणे योग्य होणार नाही. उपाशी मुलीला आसरा देणाऱ्या घराचा धर्म ती मुलगी स्वीकारते, तेव्हा त्या निवडीला कितपत स्वतंत्र म्हणावे? हा प्रश्न त्या काळी विचारला गेला आणि आजही तो विचारण्याचा अधिकार आहे. परंतु तो विचारणाऱ्याने त्याच्या जोडीला दुसराही प्रश्न स्वतःला विचारावा. रस्त्याच्या कडेच्या त्या मुलींकडे त्या वर्षी आणखी कोण गेले होते? हजारो घरांची दारे बंद असताना एक दार उघडले. ते कोणत्या धर्माचे होते यावर वाद घालण्यापेक्षा, इतर दारे का उघडली नाहीत याची लाज अधिक वाटावयास हवी. मुक्तीच्या उदाहरणानंतर इतर संस्थांची दारे उघडू लागली, हेही इतिहासाने नोंदवून ठेवावे.

रमाबाईंचे उत्तरायुष्य ग्रंथकार्यात गेले. खेड्यातील साध्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल असावे, म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि वर्षानुवर्षे भाषांतर चालविले. जुळारीपासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीच्या स्त्रियाच करीत. दुःखांची मालिका मात्र थांबली नव्हती. आपल्यामागे कार्य सांभाळील अशी जिच्यावर भिस्त होती, ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये मिरज येथे वारली. तिसाव्या वर्षापूर्वीच सर्वस्व गमावून बसलेल्या या आईचा उरलेला एकमेव धागाही तुटला. पण या वेळी श्रद्धा तुटली नाही. त्या पुन्हा मुद्रितांकडे वळल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यांचे बायबल दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले. स्वतंत्र भारताच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले ते १९८९ मध्ये. केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे.

रमाबाईंना १८७४ मध्ये आणि १९२१ मध्ये झालेल्या आघातांत तोलण्याजोगा फरक नव्हता. फरक होता तो त्या आघातांना सामोऱ्या जाणाऱ्या माणसात. पहिल्या वेळी देवाने संकट टाळावे, अशी श्रद्धेची अपेक्षा होती. संकट टळले नाही आणि श्रद्धाही गेली. दुसऱ्या वेळी, संकटात सापडलेल्या माणसाला देव सोडत नाही, एवढाच त्या श्रद्धेचा आशय उरला होता. आणि याची खूण त्यांना रोज दिसत होती, कारण टाकून दिलेल्या शेकडो मुली त्यांच्या डोळ्यांसमोर वाढत होत्या. ज्या वाटेवर आपले आईबाप पडले, त्याच वाटेवर इतरांना उचलण्यासाठी त्या परत गेल्या आणि तेथेच त्यांची आशा पक्की झाली. घरात बसून केलेल्या चिंतनाने ती एवढी टिकली असती, असे वाटत नाही.

वाशीम जिल्ह्याच्या ख्रिस्ती समाजाला या विचाराची ओळख नवी नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. ऑर्फा स्पायशर यांनी वाशीमात रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालयाचे काम उभे केले, तेही श्रद्धा हाताने सिद्ध करावी लागते याच जाणिवेतून. पण रमाबाईंचा धडा केवळ ख्रिस्ती वाचकासाठी नाही. त्यांचा पंथ ज्यांना मान्य नाही, त्यांनीही तो बाजूला ठेवून त्यांची वाट पाहावी.

ती वाट आपल्यापैकी प्रत्येकाच्या दारावरून जाते. दुष्काळात बापाने जीव दिला म्हणून वर्गात अचानक गप्प झालेली, महिनाभराने नाव काढून घेतले जाईल अशी मुलगी शिक्षकाच्या समोर बसलेली असते. तिच्या घरी एकदा जाऊन येणे त्याच्या हाती आहे. वारसाच्या नोंदीचा कागद घेऊन आलेल्या विधवेला उद्या या असे न सांगता आजच तो कागद पुढे सरकविणे कारकुनाच्या हाती आहे. शेजारच्या उपाशी घराची खबर ठेवणे विद्यार्थ्याच्याही हाती आहे. श्रीनिवासाने वडिलांना पाण्याच्या काठावरून परत आणले, तेव्हा त्याच्याजवळ पैसा नव्हता, अन्नही नव्हते. मी काम करीन, तुम्ही थांबा, एवढेच तो म्हणू शकला. एवढे म्हणणारे माणूस आपल्या प्रत्येक गावात असले, तर कितीही वाईट वर्ष आले तरी त्या गावाला निराश होण्याचे कारण उरणार नाही.